जुना टर्नटेबल आणलाय, आता पैसे कुठे घालू? कोकणातल्या हवेत काम करणाऱ्याचं सविस्तर उत्तर

देवगडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. आधी तो थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं सगळ्यांना लागू करून घेता येईल. त्यांनी मुंबईहून ९ हजाराला जुना जपानी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन आणलं, बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबरी पट्ट्याने फिरवते असा), सुई धरणारा आर्म एस आकाराचा, त्याच्या टोकाचं हेडशेल फिरवून सुटं करता येतं असा. घरी आजोबांच्या शंभरेक रेकॉर्डी आहेत, बऱ्याचशा शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या एलपी, थोड्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जाड तबकड्या. मशीन चालतं पण गाणं संथ लागतं आणि मधेमधे हेलकावतं, मागे सतत हम, म्हणजे घुंऽ असा आवाज येतो, बाजू संपत आली की आवाज चिरकतो, आणि माडीवर कोणी चाललं की सुई उडते. आजी म्हणाली म्हणे, "गाणां पाण्यात बुडल्यासारखां आयकाक येता." ताईंकडे अजून १५ हजार आहेत. ते नव्या कार्ट्रिजवर (सुई बसते तो हेडशेलखालचा छोटा ठोकळा) घालू, की कॉर्कची मॅट, भारीतली केबल आणि रेकॉर्डवर ठेवायचं वजन असं सगळं घेऊ, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी रत्नागिरीत गेली २८ वर्षं हेच दुरुस्तीचं काम करतोय, आणि आजीने जे सांगितलं ना, ते मला कुठल्याही मीटरपेक्षा जास्त उपयोगी वाटलं. पाण्यात बुडल्यासारखं म्हणजे वेग हलतोय. वेग हलत असताना त्यावर कितीही महागडं कार्ट्रिज लावा, ते हललेला वेगच जास्त स्पष्ट ऐकवणार. म्हणून मॅट, केबल आणि वजन हे तिन्ही यादीतून आत्ताच काढून टाका. तुमचं मशीन चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं असणार, कारखान्यातून निघालं तेव्हा जसं वाजायचं तसं ते आज वाजत नाहीये. पहिला अपग्रेड म्हणजे त्याला त्या स्थितीत परत आणणं. त्याला पैसे फार लागत नाहीत, दोन रविवार लागतात.

सुरुवात विजेपासून करू, कारण इथे चूक झाली तर मशीनच जातं. टर्नटेबल उलटा करायच्या आधी प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, काढून घ्या, आर्म क्लिपमधे अडकवून वर दोरा बांधा, सुईवर टोपण लावा, मग मागची किंवा तळाची पट्टी वाचा. जपानमधे घरात १०० व्होल्ट येतात, त्यामुळे तिथल्या बाजारासाठी बनलेल्या मशीनवर १०० व्होल्ट असं छापलेलं असतं, ते आपल्या २३० वर थेट लावलं की गेलं. तुम्ही लिहिलंय की दुकानदाराने स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर दिलाय. चांगलं केलं, पण बाजारात मिळणारे बहुतेक ११० चे असतात, आणि आपल्याकडे रात्री लाइन २४५-२५० पर्यंत चढली की ते ११० चे जवळजवळ १२० होतात. १०० च्या मशीनला रोज १२० देणं बरं नाही, मोटर आणि आतला ट्रान्सफॉर्मर दोन्ही तापतात. ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणारा कोणीतरी प्रत्येक तालुक्याला असतोच, त्याच्याकडून २३० ला १०० देणारा, दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला, ५० व्हीएचा छोटा बांधून घ्या, टर्नटेबल खातो किती, थोडेसे वॅट.

आणि तो ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलच्या शेजारी ठेवू नका! तुमच्या फोटोत तो अगदी आर्मच्या बाजूला, वीतभर अंतरावर दिसतोय. कार्ट्रिजमधे बारीक तारेची वेटोळी आणि चुंबक असतं, ट्रान्सफॉर्मरभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते कार्ट्रिजने पकडलं की झाला हम. तुमच्या हमचं निम्मं उत्तर इथेच असेल असं मला वाटतं. करून बघा, आवाज वाढवा, रेकॉर्ड लावू नका, मोटर बंद ठेवा, आणि आर्म हातात धरून हळूहळू मधल्या खिळीकडे न्या आणि परत आणा. जागेप्रमाणे हम कमीजास्त झाला तर तो चुंबकीय आहे, ट्रान्सफॉर्मर तीन-चार फूट लांब न्या. आर्मच्या धातूला बोट लावल्यावर हम बदलला तर मात्र अर्थची वायर नीट नाही. टर्नटेबलमधून आवाजाच्या दोन तारांबरोबर जी तिसरी बारीक वायर येते ती अँप्लिफायरच्या किंवा फोनोच्या (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणारा डबा) मागच्या अर्थ स्क्रूला घट्ट बसवायची, नुसती गुंडाळून ठेवायची नाही. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, जांभ्याच्या कातळावर घर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यातली जमीन एप्रिल-मेमधे पार कोरडी होते आणि अर्थ नावापुरती उरते. खड्ड्यात दर काही दिवसांनी दोन-चार घागरी पाणी ओता, हे टर्नटेबलसाठीच नाही, शॉक लागू नये म्हणूनसुद्धा. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गाणं ऐकायचं असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, साध्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर मोटर करकरते.

आता वेग. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तुमच्या रेकॉर्डी शास्त्रीय संगीताच्या आहेत. सिनेमाच्या गाण्यात वेग किंचित हलला तर ढोलकी-व्हायोलिनमधे खपून जातं, पण ख्यालाच्या मागे तानपुरा असतो. तानपुरा सतत एकच स्वर धरून वाजतो, त्यामुळे अर्धा टक्का हेलकावासुद्धा कानाला लगेच टोचतो. १ टक्का वेग चुकला की स्वर सुमारे १७ सेंट सरकतो, म्हणजे एका स्वरापासून लगेच पुढच्या कोमल किंवा शुद्ध स्वरापर्यंतच्या अंतराचा सहावा हिस्सा.

बेल्ट ड्राइव्हमधे दोन प्रकारच्या मोटरी येतात. जुनी एसी सिंक्रोनस, तिचा वेग लाइनच्या ५० हर्ट्झवर ठरतो, व्होल्टेजवर नाही. दुसरी डीसी सर्वो, तिचा वेग आतल्या सर्किटवर ठरतो, ५० हर्ट्झ असो की ६० तिला फरक पडत नाही. सिंक्रोनस मशीन ६० हर्ट्झच्या पुलीवर (मोटरच्या टोकाची, बेल्ट फिरवणारी चाकी) असेल तर आपल्याकडे ते बरोबर पाच-षष्ठांश वेगाने फिरणार, मिनिटाला ३३ च्या जागी जेमतेम २८ फेरे. कणकवलीचे एक भजनी बुवा असंच एक मशीन घेऊन आले होते, अमेरिकेतून नातेवाइकाने पाठवलेलं. पेटी सोबत घेऊनच आले. मला म्हणाले, ह्या गायकाला मी समोर बसून ऐकलंय, काळी एकमधे गायचे, इथे काळी पाच लागते, असं कसं? मी पट्टी वाचली तर ६० हर्ट्झ. पाच-षष्ठांश वेग म्हणजे सुमारे तीन अर्धे स्वर खाली, काळी एकवरून तीन उतरलं की खालची काळी पाचच येते. बुवांच्या कानाने जे सांगितलं ते गणिताने नंतर तंतोतंत जुळलं. त्यांना ५० हर्ट्झची, म्हणजे १.२ पट व्यासाची पुली लेथवर पितळेत करून दिली, अजून चालू आहे.

तुमचं बहुतेक डीसी सर्वो असावं. तिथे संथपणाचं कारण जवळजवळ नेहमी दोनपैकी एक असतं, बेल्ट सैल झालाय किंवा मधलं बेअरिंग जड झालंय.

बेल्ट आधी बघा. प्लॅटर उचलला की आत काळा चपटा रबरी पट्टा दिसेल. तो लांबला असेल, तडकला असेल, किंवा आपल्या हवेत जे सगळ्यात जास्त होतं ते म्हणजे वितळून फणसाच्या चिकासारखा पुलीला चिकटला असेल. फणसाचा चीक काढायला आपण हाताला तेल लावतो, तसं इथे अजिबात करायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, केमिस्टकडे किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं, ते सुती कापडावर घेऊन पुली आणि प्लॅटरच्या आतली कड पुसायची, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. मी एकदा एका पुलीवरून नखाच्या जाडीचा थर काढलाय, वेग जास्त लागत होता तो ह्या थरामुळे पुली जाड झाल्यामुळे, आणि मालक वर्षभर वेगाचा स्क्रू पिळत बसला होता. नवा बेल्ट घेताना मॉडेल नंबरने मिळाला तर उत्तम, नाही तर बेल्ट ज्या वाटेने जातो त्या वाटेने न ताणता सुतळी फिरवा, लांबी मोजा, आणि त्यापेक्षा साधारण ५ टक्के कमी लांबीचा घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरचं बुश घासतं. नवा बेल्ट घालताना बोटांना तेल-घाम नको, घातल्यावर दहा-बारा फेरे हाताने फिरवा म्हणजे पीळ असेल तर सुटतो.

मग बेअरिंग. प्लॅटर काढून मधली खिळी बोटांनी फिरवा, ती लोण्यासारखी फिरून हळूच थांबली पाहिजे. तुमची अडखळत असेल तर खिळी वर ओढून काढा, काही मशीनला खालून वॉशर-क्लिप असते. खाली बारीक स्टीलची गोळी असू शकते, ती घरंगळून जाईल म्हणून खाली पांढरा टॉवेल अंथरा. मागच्या पावसाळ्यात चिपळूणच्या एका मशीनची खिळी ओढली तर ती सरळ निघेचना, फिरवत फिरवत काढावी लागली, आणि बाहेर आली ती तपकिरी काकवी ओघळावी तशी धागा घेऊन. ते मूळचं तेलच होतं, चाळीस वर्षांत आटून आणि धूळ खाऊन असं झालेलं. अल्कोहोलने खिळी आणि आतली नळी पुसली, कापसाच्या काड्या सतरा-अठरा लागल्या, शेवटची काडी पांढरी बाहेर आली तेव्हा थांबलो. मग शिलाई मशीनच्या तेलाचे तीन थेंब. खिळी परत सोडली तर आतल्या हवेवर तरंगत, सावकाश, आपोआप खाली गेली. नळी आणि खिळी झिजलेली नाहीत ह्याची ती खूण. त्या मशीनला दुसरं काही केलं नाही आणि मालक म्हणाला तबला वेगळा ऐकू येतोय.

एक विनंती, खोबरेल तेल नको. आपल्याकडे बिजागरीपासून कुलपापर्यंत सगळ्याला खोबरेल घालायची सवय आहे, पण ते थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होऊन बसतं. गंज सोडवायचे स्प्रेसुद्धा बेअरिंगमधे नकोत, ते वंगण नव्हे.

एवढं करून वेग तपासा. कागदी स्ट्रोब चकती (वेग तपासायची, रेघा छापलेली) मिळते, ५० हर्ट्झसाठी ३३ च्या ओळीत १८० रेघा असलेली घ्या, परदेशी चकत्यांवर २१६ ची ओळ असते ती ६० हर्ट्झची, ती बघू नका. ती निऑनच्या लहान दिव्याखाली धरायची, जुन्या स्विचबोर्डवर लाल इंडिकेटर असतो ना तो चालतो, हल्लीच्या एलईडी बल्बखाली रेघा दिसतीलच असं नाही. रेघा एका जागी उभ्या दिसल्या की वेग बरोबर. सरकत असतील तर डीसी मोटरच्या डब्याला मागे किंवा तळाला दोन बारीक भोकं असतात, रबरी बुचाखाली लपलेली, एक ३३ चं, एक ४५ चं, आत बारीक प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घालून केसभर फिरवायचं. रेकॉर्ड लावून, सुई ठेवून तपासायचं हे विसरू नका, सुईचाही थोडा ओढा असतो.

एवढं करूनही एखाद्याच रेकॉर्डवर हेलकावा आला तर मशीनला दोष देऊ नका. भोक मधोमध पडलेलं नसेल तर आर्म प्रत्येक फेऱ्याला, म्हणजे दर १.८ सेकंदाला, डावीउजवीकडे डुलताना दिसतो आणि स्वर त्याच लयीत वरखाली होतो.

आता तुमची तिसरी तक्रार, बाजू संपताना चिरकणं. ह्याचा मला फार जिव्हाळा आहे कारण आपलं संगीत आणि एलपीची रचना इथे एकमेकांच्या विरुद्ध जातात. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेमी खाच जाते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१ सेमी. म्हणजे तेवढाच आवाज आत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. पाश्चात्य सिंफनीचा शेवटही जोरकस असतो म्हणा, पण आपल्या ख्यालात विलंबितने सुरुवात होऊन द्रुत, ताना, तराणा सगळं शेवटी येतं, गायक सगळ्यात जास्त तापलेला असतो तेव्हाच सुई सगळ्यात अडचणीच्या जागी असते. म्हणून आपल्या रेकॉर्डींसाठी कार्ट्रिज नेमकं बसवणं ही चैन नाही, गरज आहे.

आधी जे आहे ते तपासा. हेडशेल काढून मागचे चार बारीक संपर्क बघा. खाऱ्या हवेत हे हमखास हिरवे होतात. पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, अल्कोहोलने पुसा, आर्मच्या आतल्या चार पिनांनाही काडी फिरवा. एका बाजूचा आवाज येतो-जातो ही तक्रार घेऊन माझ्याकडे जेवढी मशीनं येतात त्यातली बरीचशी ह्या पाच मिनिटांत घरी जातात. आतल्या चार तारा कार्ट्रिजला लावताना पांढरी डावी, निळी डाव्याची अर्थ, लाल उजवी, हिरवी उजव्याची अर्थ. चिमट्याने क्लिप धरून सरकवायची, तारेला ओढायचं नाही. मागच्या फोनो पिना हिरव्या पडल्या असतील तर त्या घासा, केबल आतून हिरवी झाली असेल तर साधी चांगली शिल्डेड केबल बदलून घ्या, त्याच्या पलीकडे केबलवर एक रुपया जास्त घालू नका.

सुई. दुकानदाराने "सुई चांगली आहे" म्हटलं म्हणजे त्याला ठाऊक नाही एवढंच समजायचं. हिरा झिजतो, आणि झिजलेला हिरा खाच तासतो. कार्ट्रिज बनवणारी ऑडिओ-टेक्निका कंपनी स्वतः साध्या गोल टोकाला ५०० तास, लंबगोलाला ३००, मायक्रोलिनिअर ह्या खास घडणीच्या बारीक टोकाला १००० तास देते. कोणाच्या हातात किती तास वाजली हे कळायचा मार्ग नाही, म्हणून जुन्या मशीनवर नवी सुई पहिल्या दिवशी. आजोबांच्या रेकॉर्डी परत मिळणार नाहीत ताई, सुई मिळेल.

तुमच्या आर्मला ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई हे कार्ट्रिज मला योग्य वाटतं, आणि तुमच्या १५ हजारातला मोठा वाटा इथे जाऊ द्या. कारण सांगतो. आर्म आणि कार्ट्रिज मिळून एक झोका तयार होतो, त्याची नैसर्गिक लय ८ ते १२ हर्ट्झच्या मधे पडावी लागते, खाली गेली तर वाकड्या रेकॉर्डवर सुई झोके खाते, वर गेली तर खर्जात ढवळाढवळ करते. अंदाज काढायचं सूत्र सोपं आहे, आर्मचं परिणामी वजन (सुईला हलताना जाणवतं तेवढं), कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून ग्रॅम घ्या, त्याला कार्ट्रिजच्या लवचीकतेने गुणा, वर्गमूळ काढा, १५९ ला त्याने भागा. तुमच्यासारखे एस आर्म हेडशेल धरून साधारण मध्यम ते जड असतात, समजा १३ ग्रॅम, कार्ट्रिज ६ ग्रॅम, स्क्रू १, झाले २०. व्हीएम९५ई ची लवचीकता १०० हर्ट्झवर ७ दिलेली असते, ती १० हर्ट्झच्या हिशोबात १२ च्या आसपास जाते. २० गुणिले १२ म्हणजे २४०, वर्गमूळ साडेपंधरा, उत्तर १० हर्ट्झच्या जरा वर. मधोमध. दुसरा फायदा, ह्याच बॉडीवर पुढेमागे मायक्रोलिनिअर सुई नुसती सरकवून लावता येते, आतल्या खाचांचं चिरकणं त्याने खरोखर कमी होतं. ऑर्टोफॉन कंपनीचं टूएम रेड कार्ट्रिजही छान, त्यालाही पुढे ब्लूची सुई लागते. दोन्हीत भांडण करण्यासारखं काही नाही, तुम्हाला जे बिलासकट, सीलबंद मिळेल ते घ्या.

बसवताना प्रोट्रॅक्टरचा कागद (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा) छापून घ्या आणि छापल्यावर पट्टीने मोजा, प्रिंटर बऱ्याचदा ९७ टक्क्यावर छापतो आणि सगळं वाया जातं. कागदावर मधल्या खिळीपासून ६६ आणि १२१ मिमीवर दोन जाळ्या असतात, सुई दोन्ही ठिकाणी ठेवल्यावर कार्ट्रिजच्या बाजू जाळीच्या रेघांना समांतर दिसल्या पाहिजेत. एका ठिकाणी जमतं, दुसऱ्या ठिकाणी चुकतं, परत स्क्रू ढिला, केसभर पुढे, परत. पहिल्यांदा तासभर जाईल, जाऊ द्या. दुपारच्या उजेडात बसा, चष्मा असेल तर चष्मा, वर भिंग.

सुईचा दाब: मागचं वजन फिरवत आर्म हवेत आडवा तरंगेपर्यंत आणा, आकड्याची रिंग शून्यावर, मग वजनासकट २ ग्रॅमवर. व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ चालतं. जुन्या आर्मवरच्या आकड्यावर पूर्ण विश्वास नको, छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, आणि तो काटा खरा की खोटा हे बघायला आपल्या ओळखीच्या सोनाराकडे जा, त्याचं एक-दोन ग्रॅमचं वजन त्यावर ठेवून बघा. बरेच जण रेकॉर्ड घासू नये म्हणून दाब कमी ठेवतात, हे उलटं आहे. हलकी सुई खाचेत टप्पे खात चालते आणि भिंतींवर आदळते, ते नुकसान किंचित जास्त दाबाच्या नुकसानीपेक्षा मोठं. अँटीस्केटिंग, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनचा उलटा ताण, दाबाइतकंच, २ ला २. आर्म वाजताना रेकॉर्डला समांतर, आणि समोरून बघितल्यावर हेडशेल सरळ, छोटा आरसा रेकॉर्डच्या जागी ठेवला की वाकडेपणा लगेच दिसतो.

फोनो इनपुट अँप्लिफायरला नसेल तर छोटा फोनो प्रीअँप घ्यावा लागेल. कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट निघतात, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, दोन्ही टोकांना २० डेसिबलच्या घरात. हे उलटं फिरवायचं काम फोनो करतो. अँप्लिफायरच्या साध्या ऑक्स इनपुटला लावलं तर बारीक, डब्यातला आवाज येणार. ४७ किलोओहमचा साधा एमएम (चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजसाठीचा) फोनो पुरे, महागडा नंतर.

आता माडी. तुमचं घर जुनं, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर शिसवी टेबल, त्यावर मशीन. जमीनच झुलते, त्याला रबरी पाय लावून काही होणार नाही. खाली आणा. आणि खाली आणताच येत नसेल तर भिंतीवर फळी. जांभ्याची जाड भिंत ही टर्नटेबलसाठी देवाची देणगी आहे, मुंबईच्या फ्लॅटवाल्यांना हे सुख नाही. फक्त जांभा आतून सच्छिद्र, ठिसूळ, साधा प्लग चार महिन्यांत सैल होतो, त्यामुळे लांब अँकर, निदान चार-पाच इंच आत जाणारे, चिऱ्यांच्या सांध्यात न घेता चिऱ्याच्या पोटात. फळीवर २० मिमीचा कडप्पा, त्याच्याखाली जाड रबराचे चार तुकडे, वर मशीन. गवंड्याकडची लेव्हल प्लॅटरवर ठेवून दोन्ही दिशांनी तिचा बुडबुडा मधे आणा, मशीनच्या खोक्यावर नाही, प्लॅटरवर. काहींनी नुसता जांभ्याचा चिरा खाली ठेवलेला बघितलाय, वजनदार म्हणून, पण त्याची लाल धूळ झडत राहते आणि ती खाचेत जाते. स्पीकर त्याच फळीवर नकोत.

भिंत निवडताना पश्चिमेची सोडून. जिथे आपण पावसाळ्यात झावळ्यांची झड बांधतो ती भिंत आतून ओल धरते, मशीनही तिथे नको आणि रेकॉर्डींचं कपाटही नको. जून ते सप्टेंबर मशीन झाकून ठेवून देऊ नका, दोन-तीन दिवसाआड अर्धा तास चालवा, आतली ऊब ओल घालवते आणि संपर्क वापरात राहतात. झाकणाच्या आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, ओलसर झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत कोरड्या करून घ्यायच्या. देवघर शेजारी असेल तर तेवढं अंतर ठेवा, उदबत्तीचा धूर सुईवर काळा थर धरतो.

रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आहे असं म्हणालात. एलपी धुता येतात: डिस्टिल्ड वॉटर, जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते चालेल, त्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल, आणि भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत, आणि पंख्याखाली उभ्या ठेवून पूर्ण वाळेपर्यंत थांबा. जुन्या कागदी आतल्या पिशव्या टाकून द्या, बुरशी त्यातच राहते, नव्या पॉलिथिनच्या घाला. बाहेरचं कव्हर मात्र जपा, सावलीत वाऱ्यावर ठेवून कोरड्या ब्रशने झाडायचं. रेकॉर्डी नेहमी उभ्या, आणि कौलाखालच्या माळ्यावर कधीही नको, मे महिन्यात तिथे त्या वाकतात.

पण ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या आहेत आणि लाख अल्कोहोलमधे विरघळते. धंद्यात नवा होतो तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांच्या वडिलांची एक तबकडी विश्वासाने दिली होती, मी स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बोळा काळा यायला लागला, मला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, गाणं निघत होतं. त्यांनी मला एका शब्दानेही दुखावलं नाही, मला मात्र ती तबकडी अजून डोळ्यासमोर दिसते. लाखेच्या तबकड्या फक्त डिस्टिल्ड पाणी आणि साबणाच्या थेंबाने, पटकन, आणि लगेच मऊ कापडाने टिपून.

त्या वाजवायच्या असतील तर एलपीची सुई चालत नाही. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ मायक्रॉन, ७८ चं सुमारे ७६, बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी खडखडत राहते. व्हीएम९५ च्याच बॉडीवर लागणारी ७८ ची सुई वेगळी मिळते, दाब तिच्या कागदावर दिलेला असतो तो लावायचा. तुमच्या मशीनवर ३३ आणि ४५ च आहेत, म्हणून ४५ वर वाजवून कंप्युटरमधे रेकॉर्ड करा आणि वेग १.७३३ पट करा, घरातल्यांना ऐकायला पुरेसं चांगलं येतं. आजोबांचा जुना सूटकेससारखा एचएमव्ही प्लेअर माळ्यावर असेल तर तोही टाकू नका, त्याच्या सिरॅमिक कार्ट्रिजमधे बहुधा एलपी आणि ७८ अशी उलटून लावायची दुहेरी सुई असते. एलपी मात्र त्यावर लावू नका, दाब फार असतो.

तर येत्या रविवारी एवढंच करा: ट्रान्सफॉर्मर लांब न्या, मशीन खाली आणा, प्लॅटर उचलून बेल्ट आणि खिळी बघा. तळाच्या पट्टीचा, पुलीचा आणि हेडशेलच्या संपर्कांचा जवळून फोटो काढून पाठवा, पट्टीवरचे व्होल्ट-हर्ट्झ वाचता येतील असा. कार्ट्रिजची ऑर्डर मी ते बघून सांगेपर्यंत देऊ नका, आणि आजीला सांगा नवा बेल्ट पडला की आधी त्यांनाच ऐकवायचंय.